मोरीआई

कॅलेंडरचा सीझन सुरू झालाय आणि आमच्या दुकानात शिरायला जागा नाही. दुकान म्हणजे डीटीपी सेंटर, उल्हासनगरात, कॅम्प तीनमध्ये, एका साडीवाल्याच्या पोटमाळ्यावर. मी तिथे टायपिंगला आहे. माझी बोटं इतकी पळतात की शेठ म्हणतात, "बेटी, कीबोर्डने तेरा क्या बिगाड़ा है?" यंदा गर्दी जरा जास्तच, कारण येणारं साल दोन हजार. प्रत्येकाला तो आकडा सोनेरी पाहिजे, जाडा पाहिजे, आणि त्यातली शून्यं वरच्या देवाच्या पायाला लागता कामा नयेत. देवाच्या पायाखाली आपल्या दुकानाचं नाव चालतं, शून्य चालत नाही. का ते विचारू नका, मी विचारलं होतं, एका काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प शून्यं खाली सरकवली.

गिऱ्हाइकासमोर आम्ही एक जाडजूड आल्बम ठेवतो. पुढची सगळी पानं देवांची. मग गुबगुबीत बाळं, मग मांजरीची पिल्लं टोपलीत बसलेली. आणि अगदी शेवटी सीनरी. सीनरी म्हणजे काय हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. एक तळं, त्यात उलटं दिसणारं लाकडी घर, मागे बर्फाचा डोंगर, पुढे लाल फुलं. आपल्यापैकी कुणी तिथे गेलेलं नसतं. दवाखानेवाले आणि हॉटेलवाले हमखास सीनरी घेतात, कारण त्यांच्याकडे सगळ्या प्रकारचे लोक येतात आणि डोंगराचा कुणाला राग येत नाही.

हे मी दोन जॉबच्या मधे टाइप करतेय. खाली साडीवाला ओरडतोय, वर प्रिंटर कुरकुरतोय, आणि मघाशी एक कॅलेंडर प्रेसमधून आलं ते मी उलगडलं. नवीन कॅलेंडर उलगडलं की ते परत गुंडाळून घेतं ना स्वतःला? अंगावर चादर ओढल्यासारखं? तो आवाज, तो शाईचा थोडासा रॉकेलसारखा वास, आणि डिसेंबरची ही कोरडी हवा, ज्यात ओठ फुटतात. बस, एवढ्यावरच मी बदलापूरच्या घरात पोचले. मी पाचवीत. जमिनीवर पसरलेलं जपानी कॅलेंडर, आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर तुरीच्या डाळीचा डबा, पोळपाट, पप्पांचा बूट आणि मी.

तर ते असं झालं. पप्पा आनंदनगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला ऑफिसर होते. मूळचे चामटोलीचे, शेतीतलं घर, पण डिप्लोमा करून मशिनमध्ये घुसले ते घुसलेच. त्या वर्षी कारखान्यात जपानहून एक मोठं मशिन आलं आणि ते बसवायला एक जपानी इंजिनिअर आला. मशिनच्या कंपनीने सगळ्या ऑफिसरांना कॅलेंडरं दिली. बाकीच्यांनी ती ऑफिसातच टांगली. पप्पांनी घरी आणलं, कारण आम्ही नुकतेच बदलापूरच्या फ्लॅटमध्ये आलो होतो आणि भिंती अजून रिकाम्या होत्या. रिकाम्या म्हणजे अगदी रिकाम्या. बोललं की आवाज परत यायचा.

कॅलेंडरला सहा पानं होती, दोन-दोन महिन्यांचं एक. प्रत्येक पानावर मोठं चित्र आणि खाली तारखांची पट्टी. जुनी चित्रं, पप्पा म्हणाले, त्यांच्याकडच्या जुन्या काळातली. लाकडाच्या फळीवर कोरायची, प्रत्येक रंगाची फळी वेगळी, आणि एकावर एक छापायची. ही अर्थात त्या चित्रांची छापखान्यातली कॉपी. आई म्हणाली, "म्हणजे छापाच्या साडीसारखं." पप्पा म्हणाले, "साडी नाही गं, आर्ट आहे." आई म्हणाली, "तेच ते." आईच्या बाजूने मी आजही आहे.

आई अंबरनाथची. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालेली, ग्रेड चांगली, आणि मग तो विषय संपला. ती चित्रांवर कधी बोलायची नाही, पण त्या दिवशी बराच वेळ पानं उलटसुलट करत बसली. "यात सावल्याच नाहीत," असं मधेच म्हणाली. मी बघितलं. खरंच नव्हत्या. माणसं होती, झाडं होती, पूल होता, आणि कुणाचीच सावली पडलेली नव्हती. पाऊस तर पट्टीने मारलेल्या रेघांसारखा. पप्पा म्हणाले, "असा सरळ पाऊस बारवीच्या धरणावर पडला असता तर मोजायला बरा पडला असता."

मग आई म्हणाली, "मला ही घरात लावायची आहेत. सगळी. एकदम."

"अगं, कॅलेंडर आहे. जानेवारी जाऊ दे, मार्च येऊ दे."

"तारखा आपल्याकडे पंचांगाच्या कॅलेंडरवर आहेत. मला चित्रं पाहिजेत." आणि मग ती ते वाक्य म्हणाली जे आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं फिरत राहिलं. "मला भिंतीवर असं काहीतरी हवंय ज्याला नमस्कार करावा लागत नाही."

हे नीट समजून घ्यायला तेव्हाच्या भिंती आठवायला लागतील. फ्रेम करून भिंतीवर चढायचा मान दोघांनाच होता: देवांना आणि गेलेल्यांना. सकाळी अंघोळ झाली की एका भिंतीला नमस्कार, परीक्षेला जाताना दुसऱ्या भिंतीला. माहेरी आईच्या हॉलमध्ये इतके देव आणि इतके पूर्वज होते की ती म्हणायची, लहानपणी आरशाकडे जायचं तरी चारदा हात जोडावे लागायचे. तिला नुसतं बघायचं होतं. मोठं काही मागत नव्हती ती. एक भिंत, आणि तिच्यावर बघण्यासारखं काहीतरी.

तारखांच्या पट्ट्या कापल्या त्या मला मिळाल्या. त्यांच्या लाल तारखा वेगळ्याच. मी आईला म्हटलं, यात उद्या सुट्टी आहे. आई म्हणाली, "जपानला जाऊन घे."

चित्रं घेऊन आम्ही फ्रेमवाल्याकडे उल्हासनगरला आलो, कॅम्प चारच्या बाजारात. त्याला सगळे साईं म्हणतात, म्हणून आम्हीपण साईं. दुकानात तो पुढे बसून काच कापायचा, आणि मागे पडद्याआड त्याची बायको देवांच्या फोटोंना जरी, चमकी, टिकल्या चिकटवत बसायची. तेव्हा त्याची फार फॅशन होती, लक्ष्मीच्या छापील साडीवर खरी जरी. साईंनी चित्रं एकेक करून वर धरली.

"बाई, ये क्या है? भगवान, गुजरा हुआ, के सीनरी?"

आई गडबडली. "क्यों? फरक क्या है?"

"फरक?" साईं दुखावलाच जरा. "भगवान को गोल्डन पट्टी, अंदर काम. गुजरे हुए को काला पट्टी, ऊपर हार का खीला. सीनरी को पतला ब्राउन, बस. तीनों का कायदा अलग है."

मग त्याने स्वतःच वाटण्या सुरू केल्या. बर्फातला पूल, सीनरी. डोंगर, सीनरी. पाऊस, सीनरी. खिडकीत बसलेलं मांजर, सीनरी. पाण्यातून उसळणारा मासा पाहून तो थांबला, मग म्हणाला, "मच्छी भी सीनरी." सहावं चित्र एका बाईचं होतं. उभी, गडद निळ्या कपड्यात, काखेत मिटलेली छत्री, आणि एक हात वर उचललेला, केसातली फणी सारखी करायला.

"और ये बाई कौन?"

"मालूम नहीं," आई म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. आपल्याला माहीत नसलेली बाई कुणी फ्रेम करतं का, असं साईंच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्याने तो वर उचललेला हात पाहिला. थोडा वेळ पाहिला. मग म्हणाला, "अच्छा अच्छा. समझ गया."

आम्ही घरी येऊन जागा ठरवत बसलो. माझ्या आठवणीत त्या घरातले सगळ्यात मजेचे दिवस तेच. आई रिकाम्या भिंतीवर खडूने चौकोन काढायची, लांब जाऊन बघायची, पुसायची, परत काढायची. मासा स्वयंपाकघरात, गॅसच्या वरती. मांजर बेडरूमच्या खिडकीशेजारी, म्हणजे दोन खिडक्या होतील. बर्फातला पूल फ्रिजवर, त्यावर पप्पा म्हणाले, "बरोबर, कूलिंग वाढेल." पाऊस गॅलरीच्या दारापाशी. डोंगर पलंगामागे. आणि ती बाई हॉलच्या समोरच्या भिंतीवर, दार उघडलं की पहिली तीच. तिथे बिल्डरच्या माणसाने आधीच एक खिळा ठोकून ठेवला होता. बाकीच्या चित्रांसाठी पप्पांनी ड्रिल मागून आणलं, पण त्या भिंतीत आत बीम होता, दुसरा खिळा जाईचना. प्रयत्न केला तर प्लास्टरचा पोपडा सोफ्यावर पडला. म्हणजे समोरची भिंत, एक खिळा, एक फ्रेम. विषय संपला.

विषय संपला नव्हता, कारण शनिवारी चामटोलीहून आत्या आली. पप्पांची मोठी बहीण. शेतातून थेट उठून आल्यासारखी, पदर खोचलेला, हातात वालाच्या शेंगांची पिशवी आणि काखेत वर्तमानपत्रात बांधलेला आजोबांचा फोटो. आजोबा त्याच वर्षी गेले होते. काळी पट्टी, वर हाराचा खिळा, कायद्याप्रमाणे सगळं.

"भावाचा सोताचा घर झाला," आत्या म्हणाली, "आता बाबा समोर पायजेत. आल्यागेल्याला दिसले पायजेत." आणि तिने चपला काढता काढता त्या खिळ्याकडे बोट केलं. "योच खिला."

आईची पंचाईत झाली. आजोबांना नाही कसं म्हणणार? चांगले होते ते. आईला सून म्हणून आणताना त्यांनीच पसंत केलं होतं. आई फक्त चहा ठेवायला आत गेली आणि साखरेच्या डब्याचं झाकण जरा जोरात लावलं.

आणि त्याच संध्याकाळी साईंकडून फ्रेमा आल्या. सतरंजीवर एकेक उघडली. पाच फ्रेमा एकदम झकास. पातळ ब्राउन पट्टी, स्वच्छ काच. आत्याने माशाला तर लगेच मान्यता दिली. "मासा बेस हाय. यो जिताडा काय गो?" आई म्हणाली, "जपानी आहे, ताई." "असंल. तिकडं पन समिंदर, खारी असंलच."

मग सहावी उघडली.

सोनेरी पट्टी, हाताच्या पंजाएवढी जाड. त्या निळ्या कपड्यांना काठाने जरीची पट्टी चिकटवलेली. केसातल्या फणीवर लाल खडा. छत्रीला चमकी. गळ्यात बारीक मोत्यांची सर. आणि कपाळावर, बरोब्बर मधोमध, लाल मखमली टिकली. साईं समजला होता ते हे. फणीकडे गेलेला हात त्याला आशीर्वादाचा वाटला होता.

पप्पा हसायला लागले. मग एकदम थांबले, कारण दुसऱ्या दिवशी तो जपानी इंजिनिअर आमच्याकडे चहाला येणार होता. रविवारी बिचारा गेस्टहाउसमध्ये एकटा भिंती बघत बसतो म्हणून पप्पांनीच बोलावलं होतं. आई म्हणाली, फ्रेम उघडून सगळं काढू. पप्पा म्हणाले, काच फुटेल, आता वेळ नाही. आई जमिनीवरच बसून राहिली. तिच्या एका चित्राला, ज्याला नमस्कार करावा लागणार नव्हता, आता नमस्कार न करणं अवघड झालं होतं.

आत्या मात्र हात जोडून उभी. "कंची देवी ही?"

"देवी नाही, ताई," आई म्हणाली. "नुसतं चित्र आहे."

"नुसत्या चित्राला कोन कुकू लावतं?" आत्या म्हणाली.

शेवटी पप्पांनी तोड काढली. उद्या जपानी माणूस येतोय, त्याच्या देशाचं चित्र समोर असू दे. फक्त उद्यापुरतं. साहेब गेला की आजोबा. आत्या कबूल झाली. आईने मान डोलावली, पण मला माहीत होतं तिला काय वाटतंय. तिची भिंत तिला एका चहापुरती मिळाली होती.

आता साहेबांचं नाव. मी हे मुद्दाम मागे ठेवलं होतं. त्यांचं नाव होतं मोरी. मोरी. पप्पा ऑफिसात दिवसभर ते नाव शांतपणे घ्यायचे, पण घरी "आज मोरी चिडले" किंवा "मोरींना इथलं पाणी सोसत नाही" म्हणाले की मी आणि आई भांडी घासायच्या मोरीकडे बघून फुटायचो. पप्पांनी दम भरला होता, उद्या कुणी हसायचं नाही. आम्ही सकाळपासून गंभीर चेहऱ्याची प्रॅक्टिस केली. आत्याला हे सांगायचं राहून गेलं.

मोरीसाहेब वेळेवर आले. बारीक, चष्मा, इस्त्रीची पँट, बूट दाराबाहेर काढले, त्यामुळे आत्याचं मत लगेच चांगलं झालं. ते आत आले, छातीवर बोट ठेवून आत्याला म्हणाले, "मोरी."

आत्या म्हणाली, "हां हां, हतं हतं. या." आणि त्यांच्या मनगटाला धरून थेट आत मोरीवर घेऊन गेली.

पप्पा जागेवर थिजले. आतून पाण्याचा आवाज आला, मग आत्याचा आवाज, "पाय पन धुवा, रस्त्याची धूल हाय." मोरीसाहेब पँटच्या घड्या दुमडून, पाय धुऊन, आत्याने दिलेल्या पंच्याला ते पुसून बाहेर आले. चेहरा एकदम ताजा. ते पप्पांना म्हणाले, "व्हेरी गुड कस्टम." माझ्या तोंडात पदर कोंबायला पदर नव्हता म्हणून मी गॅलरीत पळाले.

परत आले तेव्हा ते भिंतीसमोर उभे होते. तिळाचा लाडू एका गालात, तो तोडता येत नव्हता बहुतेक, आणि चष्मा कपाळावर. अगदी जवळून बघत होते. आई मागे उभी, हात पदराला पुसत, परत पुसत.

"हू?" त्यांनी विचारलं. कोण?

पप्पा काहीतरी सांगणार तेवढ्यात आईच बोलली. तिला मी पहिल्यांदा इंग्लिश बोलताना ऐकलं. "नोबडी," ती म्हणाली. "ओन्ली पिक्चर."

त्यांनी टिकलीकडे बोट केलं. थोडा विचार केला. "न्यू," ते म्हणाले. आणि हसले. वाईट हसले नाहीत, वासरू बघून हसतात तसे.

मग ते घरभर फिरून बाकीची चित्रं बघून आले. फ्रिजवरचा बर्फ पाहून "ओ" म्हणाले. आईला वाटलं ते खूश झाले, तिने पप्पांना विचारायला लावलं, तुमच्या घरी अशी किती आहेत? मोरीसाहेबांनी मान हलवली. एकही नाही. त्यांच्या घरी बसायच्या खोलीत एकच चित्र आहे, बायकोने लावलेलं. तळं, लाकडी घर, मागे डोंगर. स्वित्झर्लंड.

"म्हणजे सीनरी!" आई म्हणाली. मला वाटतं त्या क्षणी तिला त्यांच्या बायकोबद्दल फार आपलेपणा वाटला.

निघायची वेळ झाली. ते दारात जाऊन बूट घालून वळले, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेत वाकले. खोल. इतके खोल की डोक्यावरचं विरळ झालेलं दिसलं. तसेच थोडा वेळ वाकून राहिले. आता आमच्या हॉलमध्ये दारातून वाकलं की समोर काय येतं? तो खिळा, आणि खिळ्यावर ती.

ते जिना उतरले. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून हे बघत होती. ती हळूच म्हणाली, "बगला गो? तू म्हनतेस नुसता चित्र. त्याच्या देवाला तो वलखतो. कसा वाकला!"

"अगं ताई," पप्पा म्हणाले, "ते त्यांचं राम राम आहे. तसंच वाक..."

आणि आईने पप्पांकडे बघितलं. फक्त बघितलं. पप्पांचं वाक्य तिथेच राहिलं, अजूनही तिथेच आहे.

"नाव काय देवीचा?" आत्याने मला विचारलं.

मी दहा वर्षांची, मला काय सुचणार? "मोरींची आहे ना ती, मोरीसाहेबांची," मी म्हटलं.

"मोरीआई," आत्या म्हणाली आणि हात जोडले. तिच्या गावच्या वेशीवर मरीआई आहे, त्यामुळे तिला ते नाव बहिणीसारखं वाटलं असणार. मग तिने स्वतःच आजोबांना उचललं. देवीला उतरवून बाबांना चढवायचं पाप ती करणार नव्हती. आजोबा टीव्हीच्या शोकेसवर गेले, भिंतीला टेकून, आणि तेव्हापासून रोज बातम्या ऐकतात.

अशी आईला तिची भिंत मिळाली. नमस्कारासकट मिळाली, एवढंच.

पुढचा आठवडा संक्रांतीचा. हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायका आल्या, आत्या राहिलेलीच होती, तिने सगळ्यांना साहेबाच्या वाकण्याची गोष्ट अभिनयासकट सांगितली. प्रत्येक बाईने जाता जाता काचेवर हळदीकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्राने काच पुसली, पण कुंकू काचेच्या आणि पट्टीच्या फटीत उतरलं ते उतरलंच, एक लाल रेघ. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं गॅसचं कनेक्शन खूप दिवस अडकलं होतं, ते त्या महिन्यात आलं आणि त्यांनी नारळ पाठवला. आईने त्याची चटणी केली. बाकी पाच चित्रं आपापल्या जागी मजेत होती. पावसाकडे, माशाकडे बघायला कुणालाही परवानगी लागत नव्हती. आई भाजी निवडायला गॅलरीच्या दारात, त्या पट्टीने मारलेल्या पावसाशेजारी बसायची. समोरच्या भिंतीकडे ती फार बघायची नाही. बघितलं की कुणीतरी असायचं हात जोडून.

दुकानात जॉबला कुठली कुठली पुस्तकं येतात, त्यातल्या एकात मी वाचलं की ही फळीवरची चित्रं तिकडे त्या काळी अगदी स्वस्तात विकायचे. आपल्याकडे कॅलेंडरं असतात तशीच. लोक घ्यायचे, भिंतीला, खांबाला चिकटवायचे, फाटली की दुसरी. त्यातल्या बायकांपैकी काही म्हणे चहाच्या दुकानातल्या मुली असायच्या, दिसायला बऱ्या म्हणून छापलेल्या. मी हे आईला सांगितलं. म्हटलं, तुझी मोरीआई चहाच्या टपरीवरची असेल. आई म्हणाली, "असेल. उभी कशी राहिलीय बघ, पाय दुखत असणार तिचे." दहा वर्षांत त्या चित्राबद्दल कुणी बोललेली ही पहिली गोष्ट जिच्यात चित्राकडे बघितलेलं होतं.

हे सगळं आत्ता का, तर फक्त कॅलेंडरांमुळे नाही. गेल्या आठवड्यात आमच्याकडे रंगकाम काढलं. दिवाळीनंतर रंगारी जरा रिकामे असतात. सगळ्या फ्रेमा उतरवल्या, तर भिंतीवर प्रत्येकीच्या जागी तिच्याएवढा स्वच्छ चौकोन, आईने खडूने काढलेले होते तसेच, फक्त या वेळी दिवसांनी काढलेले. मोरीआईची सोनेरी पट्टी उचलताना निखळली. आतला पुठ्ठा कसरीने खाल्लेला, जरी काळी पडलेली, मोत्यांचं साल निघालेलं. आईने ओल्या कापसाने एकेक गोष्ट भिजवून काढायला घेतली. चमकी, खडा, मोती. रंगारी मधे मधे बघून जायचा, पण घासत राहायचा. शेवटी आईने टिकली काढली.

आम्ही दोघी वाकून बघायला लागलो. चित्र पार उडालेलं होतं हो. समोरच्या भिंतीवर दुपारी गॅलरीतलं ऊन यायचं. तो गडद निळा आता धुतलेल्या युनिफॉर्मसारखा, चेहरा पांढुरका. पण जिथे जरी होती तिथे जरीएवढी निळी रेघ, नवीकोरी, पहिल्या दिवसासारखी. आणि कपाळावर, बरोब्बर मधोमध, एक गोल. तिच्या खऱ्या कातडीच्या रंगाचा. सबंध चेहऱ्यात तेवढाच ताजा. टिकली काढली तर खाली टिकली.

"आई, दुकानात स्कॅनर आहे," मी म्हटलं. "दहा मिनिटांत सगळं एकसारखं करून देते. नवी प्रिंट काढू."

आई बोटाने त्या गोलाच्या कडेकडेने फिरत होती, न टेकवता. "नको," ती म्हणाली. "फ्रेम नवी करू फक्त."

म्हणून काल माझं काम सुटताना ती बदलापूरहून आली, आणि आम्ही कॅम्प चारला गेलो. साईं म्हातारा झालाय, काच आता त्याचा मुलगा कापतो, पण गिऱ्हाइकाशी बोलतो साईंच. त्याने चित्र वर धरलं, ओळखलं नाही. कसं ओळखणार, तेव्हा त्याच्याकडून गेलेली सोन्याने मढलेली होती.

"बाई, भगवान, गुजरा हुआ, के सीनरी?"

दहा वर्षांपूर्वी आई इथे गडबडली होती. आता नाही. "घर की है," ती म्हणाली.

साईंने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चौथा कायदा त्याच्याकडे नव्हता. पट्ट्यांच्या गठ्ठ्यावरून त्याने हात फिरवला, सोनेरीवर थांबला, ब्राउनवर थांबला, आणि अखेर एक साधी लाकडी, बिनरंगाची पट्टी काढली.

"और टिकली?" तो म्हणाला. "लगा दूं?"

आईने चित्र त्याच्या हातातून घेतलं, दुकानाच्या उजेडाकडे वळवलं.

"लगी हुई है, साईं."